रोजची गोळी आणि भिंतीवरच्या रेघा

(महिला मंडळाच्या मेळाव्यात झालेले भाषण. बोलणाऱ्या भगिनी मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त मेट्रन आहेत.)



पाळकसाहेबांनी मला ‘आजारातली साक्ष’ हा विषय दिला. साक्ष म्हटली की ऐकणारे शेवटच्या एका वाक्याची वाट पाहतात, ‘आणि मी पूर्ण बरी झाले.’ ते वाक्य माझ्याकडे नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मला सहा वर्षांपासून रक्ताचा कॅन्सर आहे. आजही आहे. आणि आज सकाळी मी भाकरी थापून, धुणं वाळत घालून इथे आले आहे.

सुरुवातीला नुसता थकवा होता. जिना चढताना दम लागायचा, चार घासांत पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटायचं. मी ते वयावर ढकललं. पुढे डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी १ लाख ८६ हजार निघाल्या. त्या साधारण ४ ते ११ हजार असाव्या लागतात. एका डॉक्टरांनी माझ्या भावाला बाहेर नेऊन सांगितलं, “सहा महिने धरा.” मी दाराआडून ऐकलं. त्या रात्री मी वसतिगृहाच्या कोठीच्या किल्ल्या कोणाला द्यायच्या, याची यादी केली.

मग परळला टाटा हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सगळे सीएमएल म्हणतात. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. त्यातल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटतात, आणि त्यातून पांढऱ्या पेशी सतत वाढवत राहणारा एक बिघडलेला हुकूम तयार होतो. त्या आखूड झालेल्या गुणसूत्राला ‘फिलाडेल्फिया’ म्हणतात. मला वाटलं, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सात मंडळ्यांपैकी फिलदेल्फिया! तर नाही, अमेरिकेतल्या त्या नावाच्या शहरात १९६० साली ते सापडलं, म्हणून. पण नाव ओळखीचं निघालं, एवढ्यानेही मला बरं वाटलं.

त्या बिघडलेल्या हुकमालाच कुलूप घालणारी गोळी २००१ साली आली, इमॅटिनिब. पूर्वी या आजारात माणूस काही वर्षांत जात असे. आता गोळी नेमाने घेतली तर बहुतेकांना पुष्कळ वर्षं मिळतात. पण ही गोळी एकेकाळी आपल्यासारख्यांसाठी नव्हतीच. कंपनीच्या गोळीला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला ८ ते १० हजार. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. आता आपल्याकडे बनणारं औषध त्याहूनही स्वस्त झालं आहे. पैसे नसतील तर दवाखान्यातल्या समाजसेवकांना भेटायला लाजू नये, ते वाट दाखवतात. ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ नावाचा रुग्णांचा गटही आहे. तिथे वीस वर्षं हीच गोळी घेणारी माणसं समोर बसलेली पाहिली, तेव्हा मी किल्ल्यांची यादी फाडली.

आता माझी चूक सांगते. गोळीने डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पायात गोळे येतात, मळमळतं. पहिल्या वर्षी रिपोर्ट चांगले आले. मग एक भगिनी म्हणाल्या, “प्रभूने बरं केलंय, तर गोळी कशाला? हा अविश्वास नाही का?” मला तेच ऐकायचं होतं, कारण मी गोळीला कंटाळले होते. ज्या मेट्रनने शेकडो मुलींना लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या, रजिस्टरवर सह्या घेतल्या, तिने स्वतःची गोळी दोन महिने बंद केली आणि कोणालाही सांगितलं नाही. पुढच्या तपासणीत आकडे चढलेले होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मध्येच सोडली की आजार गोळीला जुमानेनासा होऊ शकतो. मग दुसरं औषध शोधावं लागतं.” पाळकसाहेबांनाही सांगावं लागलं. ते म्हणाले, “बाई, लूक वैद्य होता. त्याला कोणी अविश्वासी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.”

त्याच दिवशी ओपीडीच्या बाकावर भाऊ भेटला. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. धडगावकडच्या डोंगरातला पावरा माणूस, आजार माझाच. मी रडत होते. त्याने विचारलं, “बाई, किती चुकल्या?” मी म्हटलं, साठ. तो म्हणाला, “माझ्या सात.” हे त्याला कसं ठाऊक? रात्री भाकर खाऊन गोळी घेतली की तो चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढतो. सात जागा रिकाम्या होत्या. त्या बारडोलीकडे ऊसतोडीला गेल्यावेळच्या, गोळ्या संपल्या आणि मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळे निघता आलं नाही तेव्हाच्या.

तेव्हापासून दर रविवारी तो टेकडीवर चढून, रेंज मिळाली की फोन करतो. “बाई, रेघा?” मी म्हणते, “सात.” मग मी विचारते. पाच वर्षं हेच चाललंय. मागच्या हंगामात त्याच्या गोळ्या पुन्हा संपत आल्या, तेव्हा मुलगा फाइल घेऊन मुंबईला गेला आणि आमच्या वसतिगृहात शिकलेल्या, आता बारडोलीत नर्स असलेल्या मुलीने गोळ्या उसाच्या फडात नेऊन दिल्या. एकही रेघ चुकली नाही.

मंडळीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. पहिल्या महिन्यात माझ्याकडे इतकी फळं आली की मुलींना वाटावी लागली. तिसऱ्या वर्षी कोणी विचारत नव्हतं, कारण मी मेले नव्हते आणि बरीही झाले नव्हते. या आजारात गरज तिसऱ्या वर्षी असते. दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी, तिचा खर्च, प्रवास, आणि डोंगरातल्या माणसाची दोनतीन दिवसांची बुडालेली मजुरी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं भाडं लागत नाही, सोबत्यालाही सवलत आहे, पण दवाखान्याच्या सहीचा फॉर्म लागतो. तो भरून देणारा कोणी तरी हवा.

आणखी एक. आपल्या भागात ‘रक्ताचा आजार’ म्हटलं की लोकांना सिकलसेल वाटतो. तो आईबापांकडून येतो, हा तसा येत नाही. हा लागतही नाही. एका आईने मुलीला माझ्या हातचं पाणी पिऊ नको म्हणून बजावलं होतं. ती मुलगी मात्र माझ्याच तांब्यातून पाणी पिऊन मला सांगायला आली!

पुढची तपासणी १४ तारखेला आहे. भाऊही त्याच गाडीने नंदुरबारहून येतोय, यंदा एकटाच, कारण मुलगा तोडीला गेलाय. त्याच्यासोबत जाणारं कोणी असेल तर खजिनदारबाईंकडे नाव द्या. आता जेवणं होतील. माझी गोळी जेवणानंतरची आहे, तेव्हा पाण्याचा मोठा पेला तेवढा इकडे द्या.