हौशी वैमानिकाची नाडी कोणी पाहायची?

हौसेखातर विमान चालवणाऱ्याला वैद्यकीय तपासणी सक्तीची असावी का? प्रवासी विमानाच्या वैमानिकाबद्दल दुमत नाही. पण रविवारी सकाळी दोन आसनांचं विमान घेऊन तासभर घिरट्या घालणाऱ्याचं काय?

अमेरिकेत २००४ साली अशा हलक्या विमानांसाठी नियम सैल झाला. मोटारीचा परवाना पुरेसा ठरला. प्रकृती बरी नसेल तर उडू नये, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. अट एकच, तपासणीचा शेवटचा अर्ज नामंजूर झालेला नसावा. गंमत पाहा! तपासून घेतलं आणि नापास झालात, तर जमिनीवर. तपासायला गेलाच नाहीत, तर आकाश मोकळं. मग शहाणा माणूस डॉक्टरकडे फिरकेल कशाला?

मे २०१७ पासून तिथे 'बेसिकमेड' आलं. सरकारी तपासणी पूर्वी एकदा पार पडलेली असेल, तर पुढे खासगी वैमानिकानं चार वर्षांतून एकदा कुठल्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. स्वतः डॉक्टर असल्यामुळे मला हे पटतं. नेहमीच्या डॉक्टरला माणसाचा इतिहास ठाऊक असतो. परवाना ज्याच्या सहीवर अडतो, त्याच्यापुढे पेशंट तोंड मिटून बसतो. आणि आजचा स्वच्छ ईसीजी उद्याच्या झटक्याची हमी देत नाही, हेही आम्ही डॉक्टरांनी कबूल करावं.

मग सक्ती नकोच? तसंही नाही. ३० जुलै २०१६ रोजी टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ गरम हवेचा फुगा विजेच्या तारांना धडकला. सोळाही जण गेले. धुक्यात उडण्याचा निर्णय हा मुख्य दोष होता. पण चालकाचे आजार आणि गुंगी आणणारी औषधंही चौकशीत पुढे आली. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या फुगेवाल्याला तेव्हा तपासणीच नव्हती! तो नियम व्हायला २०२२ उजाडलं. माझी रेघ इथे पडते. शेजारी बसलेला मित्र निदान विचारू शकतो, "काय रे, रात्री झोप झाली का?" तिकीट काढून आलेला काय विचारणार?

एकट्या उडणाऱ्याच्या बाबतीत मला सक्तीपेक्षा लपवाछपवीची भीती जास्त वाटते. २०१० पर्यंत अमेरिकेत नैराश्याची गोळी सुरू केली की उड्डाण बंद. त्या वर्षी चार औषधांना, देखरेखीखाली, परवानगी मिळाली. तोवर वैमानिकापुढे उरत काय होतं? विमान सोडायचं, गोळी घेऊन गप्प बसायचं, नाहीतर गोळी न घेता आजारासकट उडायचं.