अंगावर काढू नका
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



विषय सांगितल्यावर कमिटीतले एकजण म्हणाले, ‘साहेब, हे बायकांचं, तुम्ही कशाला?’ या विषयावर घरात कोणी बोलत नाही, म्हणूनच मी उभा आहे.

आमच्या थोरल्या वहिनींना साठीपासून अंग बाहेर येण्याचा त्रास होता. चार बाळंतपणं, वर डोक्यावरून पाणी वाहणं. दहा-बारा वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. लघवी अडली की हाताने अंग आत सारायच्या. सारखी जळजळ, थंडी वाजून ताप. औषध व्हायचं ते तापाचं. शेवटी पायांवर सूज आली, तेव्हा पुतण्याने सोनोग्राफी करवली. दोन्ही किडन्या सुजलेल्या, क्रिएटिनिन वाढलेलं.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. किडन्यांतून मूत्राशयाकडे दोन नळ्या येतात. गर्भाशय आणि मूत्राशय खूप खाली उतरले की त्या नळ्या ओढल्या-दाबल्या जातात. लघवीचा मार्गही मुरडतो. लघवी साचते, तिच्यात जंतू वाढतात आणि दाब मागे किडनीवर येतो. हे सावकाश होतं, त्यामुळे बरेचदा दुखतही नाही. प्रत्येकीला असं होतं असं नाही; पण अंग पूर्ण बाहेर येत असेल तर किडनी तपासायलाच हवी.

वहिनींना आधी नळी घातली, मग आतून आधार देणारी रिंग बसवली आणि तब्येत सावरल्यावर ऑपरेशन झालं. किडनीची सूज उतरली, पण क्रिएटिनिन पूर्ण खाली आलं नाही. पथ्य आजही चालू आहे.

भगिनींनो, खाली काही उतरल्यासारखं वाटणं, लघवी अडणं, करून आल्यावरही शिल्लक वाटणं, वारंवार जळजळ होणं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी एवढ्याने बरंच कळतं. लघवी तुंबली किंवा थंडी-ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात; ऑपरेशन झेपणार नसेल तर रिंग आहे. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवरही इलाज करून घ्या.

आणि बंधूंनो, आपण बीपी, शुगर दर महिन्याला तपासतो. घरी गेल्यावर बायकोला, वहिनीला, आईला जरा विचारा. सुनेला, लेकीला विचारायला सांगा. त्या आपणहून सांगणार नाहीत.