बुद्धीचा सातबारा आणि बोलके घर



‘पेटंट’ हा शब्द महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाच्या कानी प्रथम पडला तो बहुधा हळदीमुळे. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने लिखित पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करविले. तेव्हापासून पेटंट म्हणजे परक्याने आपल्या परसातून उचलून नेलेली वस्तू, असे चित्र आपल्या मनात ठसले आहे. हे चित्र खोटे नाही; पण अपुरे आहे. आजच्या कथेत हळद नाही. वादी अमेरिकन, प्रतिवादी अमेरिकन आणि न्यायालयेही अमेरिकनच. तरीही प्रश्न तोच आहे : कल्पना आधी कोणाची, आणि हे ‘आधी’ सिद्ध कसे करायचे?

‘स्मार्ट होम’ ही संज्ञा आता आपल्याकडील गृहसंकुलांच्या जाहिरातींतही झळकते. दिवे, पंखे, दाराचे कुलूप, संगीताचे स्पीकर ही सारी उपकरणे एकमेकांशी आणि मालकाच्या फोनशी जोडलेली असतात. तोंडी आज्ञा दिली की ती कामाला लागतात. असे घर बांधताना विटा-सिमेंटइतकेच पेटंटही लागतात. एकेका उपकरणात शेकडो लहानमोठ्या युक्त्या दडलेल्या असतात आणि त्यांतील प्रत्येकीचा सातबारा कोणाच्या तरी नावावर असतो.

या क्षेत्रातील पहिला गाजलेला खटला नेस्ट या कंपनीवर झाला. ॲपलमधून बाहेर पडलेल्या टोनी फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांनी २०१० मध्ये ती स्थापन केली आणि २०११ मध्ये घराचे तापमान राखणारा, मालकाच्या सवयी शिकून घेणारा थर्मोस्टॅट बाजारात आणला. आकाराने गोल, कडे फिरवून चालवायचा. आता, भिंतीवरचा गोल थर्मोस्टॅट ही अमेरिकेत हनीवेल कंपनीची १९५३ पासूनची ओळख! फेब्रुवारी २०१२ मध्ये हनीवेलने सात पेटंटांच्या उल्लंघनाचा दावा दाखल केला. नेस्टबरोबर तिचा माल विकणाऱ्या बेस्ट बाय या दुकानसाखळीलाही प्रतिवादी केले. हनीवेलचे हे पेटंट टिकणारेच नाहीत, असा पवित्रा नेस्टने घेतला. वाद चालू असतानाच, २०१४ मध्ये, गूगलने ३२० कोटी डॉलर मोजून नेस्ट विकत घेतली. पुढे २०१६ मध्ये हनीवेल आणि गूगल यांनी एकमेकांचे पेटंट वापरण्याचा करार केला व प्रकरण मिटले. दोन धनवंतांनी बांधावर बसून समेट केला. ग्राहकाच्या भिंतीवरील थर्मोस्टॅट होता तसाच राहिला.

गूगलवर पुढे आलेला खटला मात्र इतक्या सहजासहजी मिटणारा नव्हता. २०१९ पासून गूगलची घरगुती उपकरणे नेस्ट याच नावाने विकली जाऊ लागली होती. त्यांच्यावर चाल करून आली ती सोनोस. ही कंपनी २००२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा या समुद्रकाठच्या गावात जन्मली. ध्यास एकच : घराच्या प्रत्येक खोलीत, तारांचे जंजाळ न पसरता, एकच गाणे एकाच क्षणी वाजले पाहिजे.

ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. मंगल कार्यालयात लांब अंतरावर लावलेले दोन कर्णे ज्याने ऐकले आहेत त्याला यातील अडचण चटकन उमगेल. एका कर्ण्याचा सूर दुसऱ्यामागून येतो आणि शब्दाला शब्दाची सावली पडते. बिनतारी जाळ्यावर तर प्रत्येक स्पीकरचे घड्याळ वेगळे आणि प्रत्येकाकडे माहिती पोहोचण्याचा वेळही वेगळा. सेकंदाच्या काही शतांश भागांचा फरक पडला तरी कान तो ओळखतो. यावर सोनोसने काढलेला तोडगा असा की, गटातील एका उपकरणाने सूत्रधार व्हायचे, संगीताच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारायचा आणि बाकीच्यांनी आपले घड्याळ त्याच्याशी जुळवून तो तुकडा ठरल्या क्षणी वाजवायचा. यातूनच पुढे गट बांधण्याच्या, सबंध गटाचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याच्या, दोन स्पीकरांची डावी-उजवी जोडी लावण्याच्या युक्त्या निघाल्या. सोनोसने त्यांचे पेटंट घेतले. २००५ च्या आरंभी तिचा माल बाजारात आला.

२०१३ मध्ये गूगलची संगीतसेवा सोनोसच्या स्पीकरवर चालावी म्हणून दोन्ही कंपन्या एकत्र बसल्या. या निमित्ताने आपल्या तंत्राचे तपशील गूगलला कळले, असे सोनोसचे म्हणणे. २०१५ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ आले, त्याच्या पुढच्या वर्षी गूगल होम आणि २०१७ मध्ये अवघ्या ४९ डॉलरांचा होम मिनी. त्याच वर्षी सोनोसने आणलेल्या बोलक्या स्पीकरची किंमत होती १९९ डॉलर. गूगलला स्पीकर विकून नफा कमवायचा नव्हता. घराघरांत आपला कान रोवायचा होता. ज्याचे पोट स्पीकर विकूनच भरायचे त्याने अशा स्पर्धेत काय करावे? आणि गंमत, खरे तर अगतिकता, अशी की २०१९ मध्ये सोनोसने आपल्याच स्पीकरांत गूगलचा आवाजी सहायक बसविला. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच शिदोरीवर चालायचे, अशी ती अवस्था होती.

अखेर ७ जानेवारी २०२० रोजी सोनोसने पाच पेटंटांच्या उल्लंघनावरून गूगलला दोन ठिकाणी खेचले : लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात आणि अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे. त्याच महिन्यात सोनोसचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांनी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या मक्तेदारीविषयक उपसमितीपुढे साक्षही दिली. गूगलने आरोप नाकारले. आपले तंत्र आपण स्वतंत्रपणे उभारले, असे तिचे प्रतिपादन. जून २०२० मध्ये तिने सोनोसवरच उलट पाच पेटंटांचा दावा ठोकला.

व्यापार आयोगाची वाट सोनोसने का निवडली, हे समजून घेण्याजोगे आहे. हा आयोग नुकसानभरपाई देऊ शकत नाही. पण १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३३७ अन्वये, पेटंटचे उल्लंघन करणारा माल अमेरिकेच्या बंदरातच अडविण्याचा अधिकार त्याला आहे. बाहेर तयार होऊन अमेरिकेत येणाऱ्या गूगलच्या मालाला हेच अस्त्र नेमके लागू पडले. ६ जानेवारी २०२२ रोजी आयोगाने गूगलने पाचही पेटंटांचे उल्लंघन केल्याचा निर्णय देऊन आयातबंदीचा आदेश काढला.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. बंदी टाळण्यासाठी गूगलने काय केले? पैसे देऊन परवाना घेतला नाही. आपल्या उपकरणांतून सोयी काढून घेतल्या. सबंध गटाचा आवाज एकदम बदलता येईना; प्रत्येक स्पीकर वेगळा धरून आवाज लावावा लागे. फोनच्या बटणाने गटाचा आवाज कमी-जास्त होत असे, तेही थांबले. आणि हे नव्या मालापुरते नव्हते. ज्यांनी आधीच पैसे मोजून स्पीकर घरी आणले होते, त्यांच्या दिवाणखान्यातील वस्तूही संगणकीय आज्ञेने दुरूनच बदलण्यात आली. सुताराने विकलेल्या कपाटाचा एक कप्पा पाच वर्षांनी येऊन उपटून नेला, तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. बोलक्या घरात मात्र सुतार कधी आला आणि कधी गेला, हे मालकाला कळतच नाही.

दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दुसरा सामना रंगला. न्यायाधीश विल्यम ऑल्सप. ओरॅकल विरुद्ध गूगल या गाजलेल्या खटल्याचे न्यायाधीशही तेच. येथील मुख्य पेटंट होते एकच स्पीकर एकाहून अधिक गटांत ठेवण्याचे. म्हणजे सकाळच्या गटात शयनगृह व स्वयंपाकघर, संध्याकाळच्या गटात स्वयंपाकघर व दिवाणखाना; स्वयंपाकघर दोन्हींत. मे २०२३ मध्ये ज्यूरीने सोनोसच्या बाजूने कौल दिला : १ कोटी ४१ लाखांहून अधिक उपकरणे, प्रत्येकी २ डॉलर ३० सेंट, एकूण सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर. आकडा मोठा वाटतो खरा; पण गूगलची मातृकंपनी अल्फाबेट हिचा २०२२ मधील महसूल २८,२८० कोटी डॉलरांच्या घरात होता. हिशेब मांडला तर ही भरपाई त्या कंपनीच्या सुमारे एका तासाच्या महसुलाइतकी भरते.

त्यानंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ऑल्सप यांनी हा कौलच रद्दबातल ठरविला. त्यांचे तर्कशास्त्र समजण्यासाठी जमिनीच्या खरेदीखताची आठवण करावी. खतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पेटंटमध्ये त्यांची जागा ‘दावे’ घेतात. शोधाचे वर्णन कितीही लांबलचक असो, मालकी दाव्यांच्या चतुःसीमेपुरतीच. सोनोसचा मूळ अर्ज २००६ चा. अमेरिकन पद्धतीत त्या अर्जाला शेपटासारखे पुढचे अर्ज जोडत नेता येतात, आणि सगळ्यांना तारीख मिळते ती पहिल्याची. एकमेकांवर येणाऱ्या गटांचा नेमका दावा सोनोसने मांडला तो २०१९ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. मधल्या काळात, २०१४ मध्येच, गूगलने अशा उपकरणाची आपली योजना सोनोसला सांगितली होती आणि २०१५ मध्ये ते बाजारातही आणले होते. शेजाऱ्याचे घर उभे राहून त्यात दिवा लागल्यावर चतुःसीमा आखायला निघणे हे न्याय्य नव्हे, असा ऑल्सप यांच्या निकालाचा आशय. शिवाय २०१९ मध्ये मूळ वर्णनात नवा मजकूर घुसविल्याचा ठपकाही त्यांनी ठेवला.

एवढे ऐकून सोनोसविषयीची सहानुभूती आटते, हे खरे. लहान तो सज्जन आणि मोठा तो चोर, इतका सरळ हा मामला नाही.

परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या संघीय न्यायालयाने हे पारडे पुन्हा फिरविले. नुसता विलंब पुरेसा नाही. त्या विलंबामुळे आपले प्रत्यक्ष नुकसान झाले हे गूगलने सिद्ध करायला हवे होते आणि ते तिने केले नाही, असे सांगून त्याने ज्यूरीचा कौल पुन्हा उभा केला. मूळ कागदपत्रांत या कल्पनेचे वर्णन होते, हेही त्याने मान्य केले. याआधी एप्रिल २०२४ मध्ये व्यापार आयोगाचा निर्णयही याच न्यायालयाने कायम केला होता. एकच कागद; एका न्यायाधीशाला त्यात तेरा वर्षांची झोप दिसली, वरच्या न्यायालयाला २००६ ची जाग दिसली.

आपल्या देशात असे घडू शकेल काय? आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यात अमेरिकेसारखी शेपटाला शेपूट जोडण्याची सोय नाही. एका अर्जात अनेक शोध असतील तर कलम १६ अन्वये ते विभागून मागता येतात. पण आधीच्या दाव्यांच्या कक्षेबाहेर जाणारी दुरुस्ती कलम ५९ चालू देत नाही. म्हणजे चतुःसीमा प्रारंभीच आखा, मागाहून बांध सरकवू नका. त्याखेरीज, पेटंट मिळण्यापूर्वीच कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा कलम २५ ने दिली आहे. हळदीसाठी वॉशिंग्टनपर्यंत जावे लागले; येथे तीच दक्षता अर्ज प्रसिद्ध होताच दाखविता येते. आपल्या काही उद्योजकांना हा कायदा कडक वाटतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेलही. पण सॅन फ्रान्सिस्कोचा हा खटला वाचल्यावर त्या कडकपणामागचे शहाणपण ध्यानी येते.

आता राहता राहिला तो ग्राहक. ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर गूगलने एक स्पीकर अनेक गटांत ठेवण्याची सोय पुन्हा खुली केली. मधल्या काळात तीही बंद ठेवली होती. २०२२ मध्ये आवाजाची सोय गेली तेव्हा ग्राहकाला विचारले नव्हते, ही दुसरी सोय परत आली तेव्हाही नाही. सोनोसला ज्या १ कोटी ४१ लाख उपकरणांमागे प्रत्येकी २ डॉलर ३० सेंट देण्याचा कौल ज्यूरीने दिला, त्यांतील प्रत्येक उपकरण कोणी ना कोणी खिशातले पैसे मोजून दुकानातून घरी नेलेले होते. त्या मंडळींचे नाव या खटल्याच्या कोणत्याही कागदावर पक्षकार म्हणून नाही.