आमचा गडी कोणाचा?

(चोपडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चोपड्यात लिलाव हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाजार समितीचे आवार उभे राहते. हरभरा, मका, ज्वारी यांचे ढीग, त्यांभोवती फिरणारे व्यापारी आणि बाजूला उभा असलेला, बोली कुठे थांबते याकडे जीव मुठीत धरून पाहणारा शेतकरी. खानदेशातल्या शेतकऱ्याला लिलावाने कधी हर्ष दिलेला नाही. झालाच तर सुटल्याचा नि:श्वास दिला आहे. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा रात्री मोबाईलच्या पडद्यावर दुसरा एक लिलाव पाहतो आणि तिथे बोली चढत गेली की टाळ्या वाजवतो. बाप आपला माल विकला जाताना गप्प असतो. मुलगा मात्र माणसाची किंमत ठरताना आनंदाने ओरडतो. या दोन लिलावांमधले अंतर समजून घेणे हा आजचा विषय आहे.

दुसरा लिलाव म्हणजे प्रो कबड्डी लीगचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत तो झाला तेव्हा पुणेरी पलटण या संघाने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. त्याच लिलावात पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. शादलुई आल्याची वार्ता पुण्यामुंबईपुरती राहिली नाही. मराठी मुलुखात जिथे जिथे मातीत चुन्याची रेघ ओढून मुले खेळतात, तिथे तिथे ‘आपल्याकडे आता शादलुई आहे’ हे वाक्य उमटले. आपल्याकडे! चोपड्यापासून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडी तर इराणचा. पण आपलेपणाला ना अंतर आडवे आले ना देश. परप्रांतीयांच्या नावाने शिमगा करणाऱ्या पुढाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार करायला हरकत नाही. ज्या पोरांना ते परक्याचा द्वेष शिकवू पाहतात, तीच पोरे एका इराणी माणसाने चढाईपटूचा घोटा पकडला की उड्या मारतात.

ती आशा फोल ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिल्यांदा करंडक जिंकला. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. गुलाल उधळला गेला आणि उधळणाऱ्यांचा त्यात काही अपराध नव्हता.

पुढे काय झाले? पलटणने शादलुईला सोडले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला, म्हणजे ज्यांना हरवले त्यांच्याचकडे. त्या वर्षीचा अंतिम सामना २९ डिसेंबरला पुण्यात बालेवाडीला झाला. हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवले आणि शादलुईने पुण्याच्याच मैदानावर दुसऱ्या संघाच्या सदऱ्यात करंडक उचलला. २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. तीन वर्षांत तीन सदरे. ‘आपल्याकडे शादलुई आहे’ या वाक्याचे आयुष्य एक हंगाम भरले.

चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईच्या बाबतीतही २०१८-१९ मध्ये हेच घडले होते. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले, प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ केले, आणि एप्रिल २०१९ मध्ये तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सचा झाला.

यावर जुन्या पिढीतील काही साथी चटकन म्हणतात की हा सारा भांडवलदारांचा तमाशा आहे, पोरांना भुलवण्याचे साधन आहे, तेव्हा त्याकडे पाठ फिरवावी. हे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. शेतमजुराच्या, हमालाच्या, छोट्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला एका हंगामात लाखो रुपये मिळतात. ते पैसे त्याच्या हातात पडतात, कोणा धन्याच्या नव्हे. बैलाच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवतो तेव्हा किंमत बैलाला मिळत नसते. इथे ती गड्याला मिळते. म्हणून ‘माणसांचा गुरांसारखा बाजार’ ही भाषणात टाळी घेणारी उपमा अर्धीच खरी आहे. जो मुलगा त्या रकमेतून घराचे छप्पर बदलतो, त्याला जाऊन कोणी ही उपमा ऐकवावी! तो हसेल आणि त्याचे हसणे बरोबरच असेल.

पण अर्धी खरी आहे, ती कोणती अर्धी? किंमत गड्याची असते, निवड गड्याची नसते. कोणत्या गावासाठी, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळायचे हे बोली ठरवते. मालक ठेवू शकतो आणि सोडू शकतो. गिरणीकामगारालासुद्धा एक गिरणी सोडून दुसऱ्या गिरणीच्या दारात उभे राहण्याची मुभा होती. शिवाय बोली लागते ती शरीरावर, आणि शरीर हे असे भांडवल आहे की ज्याचा घसारा कोणत्याही जमाखर्चात मांडला जात नाही. प्रदीप नरवालचे उदाहरण पाहा. चढाईत अठराशेच्या घरात गुण मिळवणारा हा गडी. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याच्यावर १ कोटी ६५ लाख लावले, तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. २०२४ मध्ये त्याची किंमत ७० लाख झाली. २०२५ च्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले आणि एकही हात वर झाला नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. बाजार समितीत माल पडून राहिलेल्या माणसाला ती शांतता ठाऊक असते. नरवालने निदान आधी बरेच कमावले होते. ‘ड’ गटात नऊ लाखांच्या पायाभूत किमतीवर नाव नोंदवून दोन हंगामांत गुडघा गमावणाऱ्या मुलाचे नाव कोणाच्या लक्षात राहणार?

पूर्वी काय होते, हेही आठवावे लागते. लालबाग-परळच्या चाळींमधून कबड्डीचे गडी तयार झाले आणि त्यांच्या खेळाला भाव नव्हता, पण नोकरी होती. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, बँका, गिरण्या यांचे संघ होते. चांगला चढाईपटू तिथे कामाला लागे, पस्तिशीत खेळ संपला तरी साठीपर्यंत पगार चाले आणि पुढे निवृत्तिवेतन. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. वशिला होता, जातीचे हितसंबंध होते आणि बक्षीस म्हणून स्टीलचे ताट नाहीतर भिंतीवरचे घड्याळ मिळे. पण गुडघा निखळला म्हणून घराची चूल विझत नसे. गिरण्या गेल्या, सरकारी भरती आटली, आणि जी सुरक्षा नोकरी देत असे तिच्या जागी एका संध्याकाळची बोली आली. पोरांना हा बदल दिसत नाही, कारण तोट्याची बाजू पडद्यावर दाखवली जात नाही.

आकडेही पाहू. २०२३ आणि २०२४ या हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा पाच कोटींची होती. संघ बारा. म्हणजे साऱ्या खेळाडूंचे मिळून फार तर साठ कोटी. २०२१ मध्ये पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ९०८ कोटी ७० लाखांना विकले गेले, म्हणजे वर्षाला सुमारे १८१ कोटी. घेणारी कंपनी स्टार, आणि लीग चालवणाऱ्या कंपनीतही २०१५ पासून मोठा हिस्सा स्टारचाच. जाहिराती, तिकिटे, सदऱ्यांवरची नावे हे सारे वेगळे. घाम गाळणाऱ्यांच्या वाट्याला केवळ प्रक्षेपणाच्या रकमेचा तिसरा हिस्सा, तोही कमाल. दोन कोटींच्या बोलीचा ठळक मथळा वाचून जो हर्ष होतो, त्याने हे साधे त्रैराशिक झाकले जाते.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. त्यात हातात चेंडू घेऊन धावतात, लांब फेकतात आणि कडेने धावत जाऊन तो झेलणारा जो गडी असतो त्याच्यावर लोकांचा विशेष जीव. तिथे नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही, निवड होते. १९३६ पासूनची ही पद्धत अशी की मागील वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याला पहिली निवड. भांडवलशाहीच्या माहेरघरी दुबळ्याला अग्रक्रम! पण यामागचा हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता. एका खेळाडूसाठी दोन मालकांत चढाओढ लागू नये आणि मजुरी वाढू नये, हाही होता. पहिल्याच वर्षी पहिला निवडला गेलेला जे बर्वांगर हा मनासारखे पैसे देत नाहीत म्हणून त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. निवडलेल्या माणसालाही नकार देता येतो, हे त्याने आरंभीच दाखवून दिले.

एकट्याच्या नकाराने मात्र व्यवस्था बदलली नाही. १९५६ मध्ये तिथल्या खेळाडूंनी आपली संघटना उभारली. १९८२ मध्ये त्यांनी ५७ दिवसांचा संप केला, ज्या वर्षी जानेवारीत मुंबईचे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले तेच हे वर्ष. १९८७ मध्ये पुन्हा संप केला आणि हरले. न्यायालयात लढले. अखेर १९९३ च्या करारात ठराविक वर्षांनंतर संघ स्वतः निवडण्याचा हक्क आणि उत्पन्नात ठरलेला वाटा त्यांच्या पदरात पडला. आज तो वाटा निम्म्याच्या जवळपास आहे. आपल्याकडे कबड्डीपटूंची मालकांशी समोरासमोर बसून बोलणारी संघटना नाही. क्रिकेटपटूंची जी संघटना २०१९ मध्ये झाली, तीही निवृत्तांची. म्हणजे हक्क मागायचे ते मैदान सोडल्यावर.

त्याच अमेरिकेत ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती एक लाखाच्या थोडी वर, २०११ च्या जनगणनेत सत्तर हजारांच्या घरात असलेल्या आपल्या चोपड्याहून फार मोठे नव्हे. त्या गावाचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांहून अधिक भागधारक, कोणालाही लाभांश नाही, भाग विकून नफा करता येत नाही. इतर सारे संघ धनाढ्यांचे, आणि नंतर लीगने नियम केला की असा लोकांचा संघ पुन्हा कोणी काढायचा नाही. हा नियमच बोलका आहे. एप्रिल २०२५ मध्ये खेळाडूंच्या निवडीचा सोहळा याच गावात झाला. गावच्या संघाने मॅथ्यू गोल्डन या झेलगड्याचे नाव घेतले. २००२ नंतर पहिल्या फेरीत अशा गड्याची निवड त्या संघाने प्रथमच केली होती. आपल्याच मैदानासमोर जमलेल्या त्या गर्दीत जो आरडाओरडा झाला, तो आणि पुण्याचा शादलुईसाठीचा आरडाओरडा यात भावनेचा फरक काही नसेल. फरक इतकाच की ग्रीन बेचा माणूस ‘आमचा संघ’ म्हणतो तेव्हा त्याच्या घरी भागाचा कागद असतो आणि संचालक निवडताना त्याला मत असते. गोल्डनला मात्र तिथेही कोणी विचारले नव्हते की तुला कोणते गाव हवे. तेव्हा ग्रीन बेला स्वर्ग समजण्याचे कारण नाही.

अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी या गावांच्या कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यायचे? लीग त्यांच्या हातात नाही, पण गावची मंडळे आहेत. जत्रेला, शिवजयंतीला स्पर्धा होतात, पुढाऱ्याच्या नावाचा फलक लागतो, बक्षिसाची रक्कम तो देतो आणि मंडळ त्याचे होऊन जाते. हे थांबवता येते. रुपया-रुपयाच्या वर्गणीने सभासद नोंदवावेत, त्यांनी मतदानाने समिती निवडावी, प्रवेशशुल्कातून प्रत्येक गड्याचा त्या दिवसापुरता तरी अपघात विमा उतरवावा आणि स्पर्धा संपली की जमाखर्च मैदानावरच वाचून दाखवावा. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा, तडवी मुले मातीवर खेळतात आणि निवडचाचणी मॅटवर होते. पहिल्या दहा मिनिटांत पाय घसरतो आणि घरी परततात. तालुक्याला एक सार्वजनिक मॅट मिळावी, ही मागणी नगरपरिषदेकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे लावून धरण्यासारखी आहे.

आणि मुलींचे काय? २०१२ मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी दिले. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये मुलींचे तीन संघ करून एक छोटी स्पर्धा घेतली आणि मग विषय मिटवला. म्हणजे ज्या लिलावावर एवढी टीका केली, त्यात मुलींना उभेही राहू दिलेले नाही. गावच्या पुढल्या स्पर्धेत पहिला सामना मुलींचा ठेवावा आणि तो उन्हात दुपारी नव्हे, गर्दी जमते त्या संध्याकाळी दिव्यांखाली खेळवावा.