परक्या उंबरठ्यावरचें कुटुंब

परदेशीं बिऱ्हाड नेणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा प्रवासांत होत नाहीं. ती कचेरींतल्या मेजावर होते. तेथें अधिकारी दोन गोष्टी विचारतो : तुम्ही एकमेकांचे कोण, आणि तुमचा भार आमच्या राज्यावर किती पडेल? बहुतेकांस ह्यांचीं उत्तरें देणें सोपें जातें. परंतु ज्या घरांत स्वमग्न मूल आहे, आणि ज्या घराच्या कर्त्या दोघी स्त्रियाच आहेत, त्या घराची वाट ह्याच प्रश्नांपाशीं अडते.

कॅनडाचें उदाहरण घ्यावें. ज्या व्यक्तीमुळें सरकारी आरोग्यसेवेवर वा समाजसेवेवर अवाजवी भार पडेल, तिला तेथील कायद्यानें प्रवेश नाकारतां येतो. आणि मुलावर असा शेरा पडला कीं आईबापांचाही अर्ज बुडतो. दक्षिण आफ्रिकेंतील व नेदरलँड्समधील दोन कुटुंबांस मुलांच्या बौद्धिक अक्षमतेपायीं असाच नकार मिळाला. दोन्ही घरें सधन होतीं. पण त्यांची ऐपत कोणीं विचारांत घेतली नाहीं. २००५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही रीत चुकीची ठरविली व त्या त्या घरची परिस्थिती पाहण्याचा दंडक घालून दिला. २०१८ सालीं खर्चाची मर्यादा तिप्पट झाली. विशेष शिक्षण हिशेबांतून वगळलें गेलें. उंबरठा खालीं आला खरा, पण तो निघाला नाहीं.

आतां पुण्यांतल्या अशा दोघींची कल्पना करावी. मुलाला सवलती मिळाव्या म्हणून त्याच्या उणिवा ठळक करून मांडणारे दाखले त्यांनीं वर्षानुवर्षें जमविले; तेच दाखले आतां त्याच्याविरुद्ध साक्ष देणार! आणि नात्याचा दाखला? कॅनडा विवाहाचा आग्रह धरीत नाहीं; समलिंगी जोडप्यांसही एक वर्षाच्या सहवासाचा पुरावा पुरतो. भाडेपत्र, बँकेंतील सामाईक खातें, दोघींच्या नांवें आलेलीं पत्रें. पण घरमालकाला ‘मैत्रिणी’ म्हणून सांगितलेलें, भाडेपत्र एकीच्याच नांवाचें, शेजारीपाजारीं तोंडास कुलूप. ज्यांनीं आयुष्यभर पुरावा उरूं दिला नाहीं, त्यांच्यापाशीं आतां पुरावा मागितला जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेंतून काढले. तथापि १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं विवाहाचा हक्क मान्य केला नाहीं, आणि अविवाहित जोडप्यास संयुक्तपणें दत्तक घेण्याची मोकळीकही दिली नाहीं. म्हणून दत्तक मूल कागदोपत्रीं एकीचेंच. दुसरी आई कायद्याच्या दृष्टीनें परकी.

अशा घरांनीं निदान दोन वर्षें आधीं दोघींच्या नांवें भाडेपत्र करावें, खातें उघडावें. मुलाच्या अहवालांत तो काय करूं शकत नाहीं एवढेंच नव्हे, तर काय करूं शकतो तेंही डॉक्टरांकडून स्पष्ट लिहवून घ्यावें.

परवाना हातीं आला तरी मुलाचें काय? ठराविक वाट, ठराविक ताट, ओळखीची बाई ह्यांवर त्याचा दिवस उभा असतो. पांच वर्षांच्या खटाटोपानें त्याच्या तोंडीं आलेले पंधरावीस शब्द मराठी आहेत. तिकडच्या शाळेंत ते कोणास कळणार? ऑन्टारियो प्रांतांत स्वमग्न मुलांच्या सरकारी साहाय्याची यादी इतकी लांब आहे कीं, नवागत कुटुंबाचा क्रम लागेपर्यंत मूल इयत्ता ओलांडून जातें. तोंवर त्याच्याशीं मराठींत बोलणाऱ्या त्या दोघीच.