दिवसा बाकडं, रात्री पलंग

आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. ज्वारीची कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी आणि पापड हा आमचा माल. पण आज मालाविषयी बोलायचं नाही. आज बोलायचंय ते आम्ही आमच्या टेम्पोत केलेल्या पलंगाविषयी. आता तुम्ही म्हणाल, पलंगात काय सांगण्यासारखं? त्या पलंगामुळंच आमच्या गटातल्या चार लेकीसुना पहिल्यांदा गावाबाहेर विक्रीला निघाल्या, म्हणून सांगतो.

झालं असं. तालुक्यात आणि पंढरपूरला आमचा माल खपत होता. पण खरा भाव मिळतो तो पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात. तिथं चार-पाच दिवस राहावं लागतं. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा राहायची सोय नव्हती. लॉजवर खोली घ्यावी तर नफा तिथंच जाणार. बरं, खोलीत झोपावं तर माल कोण राखणार? मग स्टॉलच्या टेबलाखाली प्लास्टिकचा कागद टाकला, वर वाकळ टाकली आणि झोपलो. डिसेंबरची थंडी, खाली गार फरशी. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या थोरल्या काकींची कंबर धरली. चौथ्या दिवशी त्यांना उभं राहता येईना. विक्री चांगली झाली, पण परत आल्यावर काकी पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होत्या.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी निघायची वेळ आली तर घराघरातून एकच सवाल. "रात्री बाया राहणार कुठं?" सासऱ्यांनी विचारलं, नवऱ्यांनी विचारलं. आम्हाला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. उत्तर आमच्याकडं नव्हतं. त्या वर्षी आम्ही दोघीच गेलो.

गटाच्या बैठकीत यावर बोलणं निघालं. गटाने माल वाहायला छोटा टेम्पो घेतलेला होता, छोटा हत्ती म्हणतात तो, मागं बंद पेटी असलेला. एक जण म्हणाली, "माल उतरल्यावर गाडी रिकामीच असते की. तिच्यातच झोपायचं." दुसरी म्हणाली, "आणि खाट टाकली तर माल कुठं टाकणार?" इथं गाडी अडली. खाट हवी, पण प्रवासात तिनं जागा खाता कामा नये.

उपाय सुचला तो रेल्वेतून. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना आमच्यातल्या एकीला बाजूची खालची जागा मिळाली होती. दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री पाठी खाली पाडल्या की झोपायची जागा. ती म्हणाली, "रेल्वेला जमतं तर आपल्याला का नाही?"

ही कल्पना काही नवी नाही, हे आम्हाला नंतर कळलं. गाडीतच झोपायची सोय करून फिरणारे लोक जगभर आहेत. जर्मनीत वेस्टफालिया नावाच्या कारखान्यानं १९५१ साली फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी एक सुटी पेटी काढली होती. आठवडाभर व्हॅन धंद्याला वापरायची आणि सुट्टीच्या दिवशी ती पेटी आत ठेवून फिरायला जायचं. पेटीतूनच अंथरूण, पेटीतूनच टेबल. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली अशा राहत्या गाड्यांच्या पर्यटनासाठी, म्हणजे कॅराव्हॅनसाठी धोरण आणलं. आमचा टेम्पो काही कॅराव्हॅन नाही. पण काढता-घालता येणारी पेटी ही गोष्ट आमच्या कामाची होती.

आम्ही गावातल्या सुतारमामांकडं गेलो. मामांनी आधी विचारलं, "माप आणलं का?" आम्ही गप्प. मामा म्हणाले, "आधी माप, मग गप्पा." तेव्हा मैत्रिणींनो, पहिलं काम हे. गाडी आतून मोजा. बाहेरून मोजू नका, कंपनीच्या कागदावरचं माप घेऊ नका. आमच्या गाडीची आतली लांबी भरली सात फूट दोन इंच आणि रुंदी चार फूट दहा इंच, म्हणजे अठ्ठावन्न इंच. मग आम्ही माणसं मोजली. आमच्यात सगळ्यात उंच बाई पाच फूट चार इंच. म्हणून पलंगाची लांबी सहा फूट ठरवली.

आता पलंग कसा आहे ते नीट सांगतो. दोन्ही हात समोर धरा आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत घाला. हात जवळ आणले की बोटं पूर्ण आत जातात. हात लांब केले की बोटं बाहेर येतात, पण टोकं एकमेकांत अडकूनच राहतात. आमचा पलंग तसाच आहे. लाकडी पट्ट्यांचे दोन संच. एक संच बाकड्याला पक्का, दुसरा सरकता. आत ढकलला की सत्तावीस इंच रुंदीचं बाकडं. बाहेर ओढला की अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे चार फूट रुंदीचा पलंग. दोघी आरामात झोपतात.

बाकड्याची उंची सोळा इंच ठेवली. त्याच्या खाली भाजीचे नेहमीचे प्लास्टिकचे चार क्रेट मागच्या दारातून ड्रॉवरसारखे आत जातात. बाकड्यासमोर दिवसा अडीच फूट जागा मोकळी राहते, तिथं उरलेला माल. मुक्कामाला पोचलो की तो माल स्टॉलवर जातो आणि पलंग ओढायला जागा होते. रात्री बाजूला दहा इंचाची पट्टी उरते, तिथं चपला आणि पाण्याची कळशी.

प्रत्येक पट्टी सत्तावीस इंच लांब, अडीच इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. लाकूड आम्ही चिडाचं घेतलं, पॅकिंगच्या पेट्यांचं, चांगलं वाळलेलं. सागवान परवडलं नसतं आणि बाभूळ जड पडते. मामांनी सांगितलं, पट्टीला गाठ असली तर ती बाजूला टाका, कारण पट्टी गाठीपाशी मोडते. सांगाड्यासाठी मात्र दीड इंच जाडीचं लाकूड वापरलं.

सरकत्या संचाच्या बाहेरच्या टोकांना खालून एक आडवं लाकूड आणि त्याला तीन पाय. पलंग ओढला की हे पाय जमिनीवर सरकत पुढं येतात. आतली टोकं बाकड्याच्या पुढच्या लाकडावर टेकलेली राहतात. ओढल्यावर सहा इंच पट्टी आतच राहिली पाहिजे. ही सहा इंच फार महत्त्वाची. पहिल्यांदा आम्ही त्याला अडकण लावली नव्हती. गावातच करून बघताना एकीनं जोर लावून ओढलं, पट्ट्या बाकड्यावरून निसटल्या आणि वर बसलेल्या काकी खाली. सुदैवानं लागलं नाही. हसलो सगळ्याच, पण दुसऱ्या दिवशी मामांनी सरकत्या पट्ट्यांना आतून खालच्या बाजूला एक आडवी चीप ठोकली. आता सहा इंच उरले की चीप पुढच्या लाकडाला अडते आणि पलंग आपोआप थांबतो.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती आमचीच होती. मामा पट्ट्यांत जास्त फट ठेवा म्हणत होते. आम्ही म्हटलं, फटीत गादी रुतेल, जवळजवळ बसवा. चौदा पक्क्या आणि चौदा सरकत्या अशा अठ्ठावीस पट्ट्या सहा फुटांत बसवल्या. दोन पट्ट्यांत जेमतेम दोन मिलिमीटर फट राहिली. उन्हाळ्यात पलंग लोण्यासारखा सरकायचा. गणपतीच्या आधी रत्नागिरीला माल घेऊन गेलो. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. दोन दिवसांत लाकूड फुगलं आणि पलंग असा अडकला की चौघींनी ओढला तरी हलेना. ती रात्र दोघींनी बाकड्यावर आळीपाळीनं काढली. लाकूड ओलीत रुंदीला फुगतं, लांबीला फारसं नाही. मामांना हे माहीत होतं. आम्ही ऐकलं नाही.

परत आल्यावर मामांच्या हातापाया पडलो. सगळ्या पट्ट्या काढल्या, एक पट्टी कमी केली. आता चौदा पक्क्या, तेरा सरकत्या. फट चार मिलिमीटरच्या वर गेली. दोन बाजूंच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्या पक्क्याच आहेत, त्यामुळं सरकता संच इकडं तिकडं जात नाही. पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि चार दिवस वाळू दिल्या. एक सावधगिरी सांगतो. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा. पट्ट्या घासतात तिथं मेणबत्ती फिरवा. खोबरेल लावू नका, त्याला धूळ चिकटते.

गादीही दोन तुकड्यांत शिवली. एक सत्तावीस इंच रुंद, ती बाकड्यावर कायम. दुसरी एकवीस इंच, ती दिवसा पाठीला टेकायला. रात्री खाली घातली की दोन्ही मिळून बरोबर अठ्ठेचाळीस इंच. लाकूड, मजुरी, स्क्रू आणि गादी धरून आम्हाला सव्वासहा हजार रुपये लागले. तुमच्याकडं लाकडाचा भाव वेगळा असेल. हिशोबासाठी एवढं ध्यानात ठेवा की पट्ट्यांना पाऊण घनफूट आणि सांगाड्याला तेवढंच लाकूड लागतं. कापताना वाया जातं ते वेगळं.

आता सुरक्षेच्या गोष्टी. त्या पलंगापेक्षा महत्त्वाच्या आहेत. पलंग आम्ही गाडीला ठोकलेला नाही. माल बांधायच्या हुकांना पट्ट्यानं आवळतो, काम झालं की उतरवतो. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याप्रमाणं परवानगी लागते, त्या भानगडीत आम्ही पडलो नाही. चालत्या गाडीत मागं कोणीही बसत नाही. मालगाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि अंगावर क्रेट आलं तर जीव जाईल. ड्रायव्हरशेजारी एक जण आणि बाकीच्या एसटीनं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तो खर्चही जड नाही.

बंद गाडीत झोपताना हवा पाहिजे. आमच्या पेटीला समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या आहेत, त्या थंडीतही बंद करत नाही. आत स्टोव्ह, शेगडी, डास मारायची अगरबत्ती काहीही पेटवत नाही. शेगडीच्या धुराला वास नसला तरी त्यातला वायू झोपेतच माणूस मारतो. डासांसाठी मच्छरदाणी आहे. आणि दार. अशा गाड्यांना कडी फक्त बाहेरून असते. आम्ही आतून कडी बसवून घेतली. बाहेरच्या कडीत उघडी असतानाच कुलूप अडकवून ठेवतो, म्हणजे कोणी बाहेरून लावू शकत नाही. किल्ली आमच्या उशाशी. पहिल्या रात्री आम्ही अंधारात दार दहा वेळा उघडून बघितलं, हाताला सवय व्हावी म्हणून.

पलंग झाल्यावर आम्ही एक गोष्ट केली. टेम्पो देवळासमोर उभा केला आणि घरच्या सगळ्यांना बोलावलं. सासरे आले, सासवा आल्या. आम्ही बाकडं ओढून पलंग केला, आतून कडी लावून दाखवली, परत उघडून दाखवली. एका सासूबाईंनी गादीवर अंग टाकलं आणि म्हणाल्या, "माझ्या घरच्या खाटेपेक्षा बरा आहे की." त्यांच्याच सुनेला दोन वर्षं परवानगी मिळत नव्हती. त्या डिसेंबरात ती पुण्याला आली. गर्दीत हिशोब तिनंच सांभाळला.

गाडीत दोघीच झोपू शकतात, म्हणून आम्ही पाळी लावली आहे. दोघी गाडीत माल राखायला, बाकीच्या ओळखीच्या घरी. थोरल्या काकींची पाळी कधी चुकवत नाही. त्या म्हणतात, "कंबर माझी मोडली, तेव्हा पलंगावर पहिला हक्क माझा." कोणी वाद घालत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं टेम्पो नसेल. पण दोन खोल्यांच्या घरात पाहुणे आल्यावर जागा कुणाला पुरते? हेच बाकडं घरात भिंतीला लावा, दिवसा बसायला, रात्री झोपायला. बाळंतीण माहेरी आली, शिकणारी भाची राहायला आली, तर तिला जमिनीवर झोपवायची वेळ येणार नाही. फक्त माप आधी घ्या, फट राखा, अडकण विसरू नका आणि सुताराचं ऐका.

"रात्री बाया राहणार कुठं?" हा प्रश्न तुमच्याही गटात कोणी ना कोणी विचारला असेल. चिडून गप्प बसू नका. टेप घ्या आणि मोजायला लागा. येतो आम्ही. राम राम.