पडद्यावरच्या बायका आणि तिकीट काढणाऱ्या बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आरोग्य, बचत, पाककृती अशा उपयुक्त विषयांवर बोलणाऱ्या विदुषी आपल्याला दरवर्षी लाभतात. या खेपेस चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषय दिला अलीकडच्या सिनेमांचा. शुक्रवारी चित्रपट लागला की रविवारच्या आत तो पाहून येणारी बाई, अशी माझी आळीत ख्याती आहे, हे त्याचे कारण. मी टीकाकार नव्हे. छायालेखन, संकलन यांतले बारकावे मला सांगता यावयाचे नाहीत. पण पदरचे पैसे मोडून मी चित्रपट पाहते, तेव्हा बोलण्याचा हक्क तिकिटाबरोबरच मिळाला आहे असे समजते.

आज मला एकच गोष्ट मांडावयाची आहे. गेल्या काही वर्षांत आपण बायकांनी चित्रपटगृहे भरून दाखवली. ती कोणत्या चित्रपटांना भरली, आणि कोणत्या चित्रपटांच्या वेळी आपण घरीच बसलो, याचा हिशेब एकदा मांडून पाहू या. भाजीवालीचा हिशेब आपण रोज करतो. हाही करावयास हरकत नाही.

बायकांनी चित्रपटगृहे भरण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला, तेव्हा बायकांच्या झुंडीच्या झुंडी लोटल्या. अलका कुबल यांनी पडद्यावर सोसले आणि आपण खाली बसून डोळ्यांना पदर लावला. त्या रडण्याला आज कोणी हसेल, पण मी हसणार नाही. घरात रडावयास जागा नसलेल्या कित्येकजणींना त्या अंधारात तीन तास तरी मिळाले. मात्र त्या कथेतल्या बाईचे मोठेपण सोसण्यातच होते. सोसणे थांबवता येते, असे काही आपण तिथून शिकून आलो नाही.

मग जवळजवळ तीस वर्षांनी वारे फिरले. करोनाच्या साथीमुळे बंद पडलेली चित्रपटगृहे महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली, आणि पुढच्याच महिन्यात हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरच्या सात बायका सहलीच्या निमित्ताने इंग्लंडला जातात, इतकीच गोष्ट. पण सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्यासारख्या पोक्त वयाच्या नट्यांना सासू किंवा आजी म्हणून कोपऱ्यात न बसवता त्यांनाच गोष्टीच्या मधोमध आणले, याचे मला फार अप्रूप वाटले.

त्यावर कळस चढवला तो ३० जून २०२३ रोजी लागलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने. सहा बहिणी, मनाने एकमेकींपासून दुरावलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. नावे घेतानाच जीभ गोड होते. नऊवारी नेसून, गॉगल लावून, भिशीच्या भिशी चित्रपटगृहात गेल्या. मध्यंतरात बायका जिन्यावर फुगड्या घालीत होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे. ७० कोटींहून अधिक रुपयांचा गल्ला या एका चित्रपटाने जमवला. “बायकांचे सिनेमे कोण पाहतो?” असे विचारणाऱ्यांची तोंडे आपण बंद केली. त्याचा मला अभिमान आहे.

आता थोडे स्पष्ट बोलते. राग मानू नये. त्या चित्रपटात मला जे आवडले ते बहिणींचे रुसवे. एकीने दुसरीशी न बोलण्याची कारणे किती लहान असतात आणि ती वर्षानुवर्षे किती मोठी होत जातात, हे अगदी आपल्या घरातल्यासारखे दाखवले आहे. पण शेवटी सारे दुखणे नाचाने बरे होते, हे काही मला पटले नाही. मंगळागौर जागवून घरी परतले की ओट्यावर भांडी तशीच असतात. नाचल्याने अंगात बळ येते खरे, पण त्या बळाचे पुढे काय करावयाचे, ते चित्रपट सांगत नाही. आपण मात्र टाळ्या वाजवून मोकळ्या झालो.

भांड्यांचा विषय निघालाच आहे, तर परेश मोकाशी यांच्या ‘नाच गं घुमा’कडे वळू. हा १ मे २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी आणि कामगारदिनी, लागला. नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी काम करणारी आशाताई, या दोघींची ही जुगलबंदी. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव या दोघींनी बहार केली आहे. एकीची नोकरी दुसरीच्या हातावर उभी आहे, आणि ती आली नाही की घर कसे कोलमडते, हे पाहून आपण पोट धरून हसलो. हसताना प्रत्येकजण स्वतःला राणीच्या जागी पाहत होती. पण हा चित्रपट आपल्या आशाताईंनी पाहिला का? आपल्यापैकी कितीजणी त्यांना बरोबर घेऊन गेल्या? भरपगारी सुटी, दिवाळीचा एक महिन्याचा पगार, आजारपणात कापलेले पैसे, या गोष्टींवर घरी परतल्यावर किती घरांत बोलणे झाले? चित्रपटाने दार किलकिले केले होते. पुरते उघडणे आपले काम होते.

आता ज्या चित्रपटांच्या वेळी आपण घरी बसलो, त्यांच्याकडे येते.

७ मार्च २०२५ रोजी, जागतिक महिलादिनाच्या आदल्या दिवशी, जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ आला. त्यापूर्वी २०२३ साली कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली सविता, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. तिला शिकावयाचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यावयाची आहे. घरी मात्र एकामागून एक स्थळे येतात. तीच सतरंजी, तेच पोहे, तेच प्रश्न: नाव काय, उंची किती, शिक्षण किती, छंद कोणते. काही दिवसांनी नकार. पुन्हा नवे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शकाने यात आरडाओरडा कुठेच केलेला नाही. तोच प्रसंग परत परत दाखवला आहे, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला प्रेक्षकच अवघडून जातो. गावातलीच माणसे घेऊन केलेला हा चित्रपट आहे; कुणाच्या चेहऱ्यावर रंग नाही की बोलण्यात नाटकीपणा नाही. नंदिनी चिकटे या मुलीने सविता उभी केली आहे. ती फारसे बोलत नाही, पाहते. ते पाहणे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

या चित्रपटाचा आरंभ फार गमतीचा आहे. तिथे मुलगा पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बसला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारीत आहेत. ते स्वप्न असते. आपण मोठ्याने हसतो आणि मग एकदम गप्प होतो. जे मुलाच्या बाबतीत हसू आणते, ते मुलीच्या बाबतीत रीत कशी काय ठरते?

आमच्या जवळच्या चित्रपटगृहात या चित्रपटाचा दिवसाला एकच खेळ होता, तोही अडनिड्या वेळी. मी गेले तेव्हा मोजून चौदा माणसे होती. विदर्भातले ते गाव आपल्यापासून दूर आहे, असे म्हणून भागावयाचे नाही. आपल्या घरांत पोह्यांऐवजी हॉटेलातली कॉफी आली असेल, पण “मुलगी जरा उजळ असती तर” हे वाक्य कुठे गेले आहे? आणि चित्रपटात प्रश्न पुरुष विचारतात; आपल्याकडे ते काम बहुधा मुलाच्या आईकडे असते. म्हणून हा चित्रपट मुलींच्या आयांनी पाहावाच, पण मुलांच्या आयांनी आधी पाहावा.

दुसरी गोष्ट छाया कदम यांची. ही आपली गुणी नटी. २०२४ साली ती दोन मोठ्या चित्रपटांत दिसली. किरण राव यांचा हिंदी ‘लापता लेडीज’ १ मार्चला लागला. घुंगटामुळे रेल्वेत नवऱ्या बदलल्या जातात. हरवलेल्या फूलला नवऱ्याचे नाव घ्यावयाची लाज आणि सासरच्या गावाचा धड पत्ता ठाऊक नाही. स्टेशनावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजू माई तिला आसरा देतात, कामाला लावतात आणि कामाचे पैसे हातावर ठेवतात. स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे हातात घेतल्यावर त्या पोरीचा चेहरा पाहावा. त्या मंजू माई म्हणजे छाया कदम.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी निवडला गेला होता. नाव इंग्रजी असले तरी बोलणे मल्याळम, हिंदी आणि आपली मराठी. मुंबईच्या इस्पितळात काम करणाऱ्या दोन केरळी परिचारिका, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे पुन्हा छाया कदम. पार्वतीचा नवरा वारला आहे. ती बावीस वर्षे ज्या खोलीत राहिली, ती बिल्डर पाडावयास निघाला आहे. आणि तिथे आपण राहतो हे सिद्ध करणारा एक कागद तिच्याजवळ नाही. शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. त्या वर्षी नोव्हेंबरात तो आपल्याकडे सर्वत्र लागला. गावभर त्याच्या पारितोषिकाचे कौतुक झाले. पाहावयास गेले थोडेच. मला मात्र पारितोषिकापेक्षा पार्वतीच्या कागदाने अधिक बेचैन केले. माझी आपणांस विनंती आहे: आज घरी गेल्यावर खोलीचा करार, वीजबिल, शिधापत्रिका काढून पाहा. त्यांतल्या कशावर तुमचे नाव आहे? नसेल, तर का नाही, हे घरात शांतपणे विचारा. जो चित्रपट कपाट उघडावयास लावतो, त्याचे तिकीट कधीही महाग नसते.

आणखी एक नाव घेऊन आवरते. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रपटांतला सर्वोच्च मान मिळाला आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचे सुतक, आणि “लग्न कधी करतोस?” म्हणून पाठीस लागलेले नातेवाईक. त्याचे मन बालपणीच्या मित्रावर आहे, आणि हे त्याची आई जाणते. ती भाषण करीत नाही, रडत नाही. लोकांच्या तोंडांतून ती आपल्या मुलाला हळूच बाजूला काढते. हा विषय मंडळात कसा काढावा, असे कोणास वाटेल. पण ज्या आयांच्या पोटात असे दुखते आहे, त्या आपल्यातही असतील. त्यांना बोलावयास जागा मिळावी, म्हणून मी तो काढला.

मैत्रिणींनो, ‘माहेरची साडी’ला आपण रडलो, ‘बाईपण’ला नाचलो. दोन्ही योग्यच झाले. जन्मभर राबणाऱ्या बाईला हसूही हवे आणि आसूही हवे. पण आपल्याला काही विचारणारा चित्रपट येतो तेव्हा आपण “पुढे टीव्हीवर लागेल, मग पाहू” म्हणतो. त्या पुढेला अर्थ नसतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या, त्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. बायका आल्या नाहीत, की तो चित्रपट निघून जातो, आणि पुढच्या वेळी तसा चित्रपट काढू पाहणाऱ्याला पैसे देणारा कोणी भेटत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या भिशीसारखीच चित्रपटाची भिशी सुरू करावी. महिन्याला थोडी थोडी वर्गणी जमवावी, एक चित्रपट निवडावा आणि लागल्यापासून तीन दिवसांच्या आत सर्वांनी मिळून पाहावा. दोन अटी असाव्यात. एक, प्रत्येक सहा चित्रपटांत दोन तरी असे असावेत, की ज्यांत नाच नाही. दुसरी, आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांचे तिकीट मंडळाने काढावे आणि त्यांनी आपल्या ओळीत, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसावे. चित्रपटानंतर चहा घेताना पहिले मत त्यांचे ऐकावे.

कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, आणि ज्यांना ती मान्य असेल त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.